बातमीला पैसे लागत नाहीत, तयारी लागते



उन्हाळा जवळ आला की आपल्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, पाहुण्यांसाठी खोली तयार आहे, गाद्या आणल्यात, जेवण तर आपलं एक नंबर. पण लोकांना कळणार कसं? पेपरात द्यायचं तर किती पैसे लागतात?" यंदा हा प्रश्न मला तीन गावांत विचारला गेला. म्हणून या अंकातला पाठ त्यावरच घेतला आहे.

उत्तर आधीच सांगते. जाहिरातीला पैसे लागतात, बातमीला एक रुपयाही लागत नाही. पण बातमी आली की तिच्यामागून फोन येतात, गाड्या येतात. त्याची तयारी नसेल तर "बातमी आली नसती तर बरं झालं असतं" असं म्हणायची पाळी येते. या दोन्ही गोष्टी एका गटाच्या अनुभवावरून सांगते. गट आपल्याच अकोले तालुक्यातला, कळसूबाईच्या बाजूचा. त्या ताई म्हणाल्या, "आमचं काय चुकलं ते सांग, बाकीच्यांना उपयोग होईल. फक्त नाव टाकू नको." म्हणून नाव टाकत नाही.

पावती मिळेल का?

दहा जणींचा गट. त्यातल्या चौघींनी घरातली एकेक खोली मोकळी केली. संडास दुरुस्त केले, पाण्याची टाकी बसवली, गाद्या-चादरी घेतल्या. गटातून आणि ग्रामसंघातून मिळून १ लाख २० हजार रुपये कर्ज झालं. हिशोब असा होता, की मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला लोक येतात, मग धबधब्यांसाठी येतात, त्यात कर्ज फिटून जाईल. पण पहिल्या वर्षी पाहुणे धरणाकाठच्या हॉटेलांत आणि तंबूंतच थांबले. गावाच्या फाट्यावर लावलेला फ्लेक्स पावसात फाटला. हप्ते मात्र दर महिन्याला येत राहिले.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस आला. "पाच हजार द्या, तुमची अर्धा पान बातमी लावतो." ताई तयार झाल्या होत्या. बचतीतून पैसे काढायचा ठरावही लिहून झाला. तेवढ्यात गटाच्या लेखापाल ताईंनी विचारलं, "पावती मिळेल का? मला वहीत लिहायला लागतं." तो म्हणाला, "बातमीची पावती नसते." ताई म्हणाल्या, "मग मला लिहिता येणार नाही." आणि त्यांनी मला फोन लावला.

त्या ताईंनी न शिकता बरोबर ओळखलं होतं. जाहिरात म्हणजे जागा विकत घेणं. तिची पावती मिळते, आणि आपण देऊ तो मजकूर छापतात. बातमी म्हणजे पेपरला वाटतं की हे आपल्या वाचकाला कळलं पाहिजे, म्हणून तो स्वतः छापतो. तिच्यात काय ठेवायचं, काय कापायचं ते संपादक ठरवतो. पैसे घेऊन जाहिरातीलाच बातमीसारखं छापणं याला 'पेड न्यूज' म्हणतात, आणि प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने ते चूक ठरवलेलं आहे. कोणी बातमीसाठी पैसे मागितले तर भांडू नका. "आमच्या गटात पावतीशिवाय खर्च होत नाही," एवढंच म्हणा.

आपण केलं ते, की वाचकाच्या कामाचं ते?

त्याच आठवड्यात आम्ही बसून पहिला मजकूर लिहिला. तो असा होता : "आमच्या गटाने अथक परिश्रमातून पर्यटन व्यवसाय सुरू केला असून सर्व सदस्यांचे कौतुक होत आहे." त्याखाली अध्यक्ष, सचिव, सरपंच, ग्रामसेवक, मी, अशी अकरा नावं. तालुक्याच्या वार्ताहर भाऊंना तो व्हॉट्सॲपवर पाठवला. चार दिवस झाले तरी काही आलं नाही. शेवटी दोघी जणी अकोल्याला जाऊन त्यांना भेटल्या. ते म्हणाले, "ताई, यात तुमचं कौतुक आहे. वाचणाऱ्याला काय मिळालं?"

मला हे वाक्य कायमचं लक्षात राहिलं. नाशिक, पुणे किंवा मुंबईत सकाळी चहा पिता पिता पेपर वाचणाऱ्या माणसाला आपल्या गटाचे परिश्रम माहीत नसतात. त्याला हवं असतं : रविवारी पोरांना घेऊन कुठे जाऊ? तिथे काय बघायला मिळेल? खायला काय? किती खर्च? कोणाला फोन करू?

म्हणून लिहिण्याआधी गटात हे चार प्रश्न विचारा.

१. यात नवीन काय आहे? "घरगुती जेवण" सगळेच म्हणतात. पण काळभात, नाचणीची भाकरी, करवंदाचं लोणचं आणि रात्री हिरड्याच्या झाडावर लुकलुकणारे काजवे, हे शहरातल्या माणसाला नवीन आहे.

२. आत्ताच का? काजवे दिवाळीत दिसत नाहीत. मोसम जवळ आला की बातमीला वजन येतं.

३. हे कोण करतंय? वेंगुर्ल्याच्या स्वामिनी महिला बचत गटाचं उदाहरण बघा. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. "गटाने पर्यटन सुरू केलं" असं म्हटलं असतं तर कोणी वळून पाहिलं नसतं. होडी बायका वल्हवतात आणि त्यांना खाडी लहानपणापासून माहीत आहे, ही बातमी झाली.

४. वाचकाने पुढे काय करायचं? तारीख, दर, कसं यायचं, फोन नंबर. हे नसेल तर बातमी वाचून माणूस "छान" म्हणतो आणि पान उलटतो.

आपल्या तालुक्यातल्याच राहीबाई पोपेरे यांचं उदाहरण तर घरचं आहे. कोंभाळणे गावात त्यांनी देशी बियाणं जपलं, वाढवलं, बायकांना वाटलं. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पत्रकार त्यांच्या दारी आले ते घरात दाखवण्यासारखं बियाणं होतं म्हणून. तेव्हा आधी दाखवण्यासारखं काम, मग बातमी.

मजकूर असा लिहा

याला पत्रकार 'प्रेस नोट' म्हणतात. एका कागदाच्या एका बाजूला मावेल एवढीच लिहायची. पहिल्या परिच्छेदात सहा 'क' आले पाहिजेत : कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. संपादकाला जागा कमी पडली तर तो खालून कापतो. म्हणून महत्त्वाचं वर, आभार आणि नावं सगळ्यात खाली.

आम्ही दुसऱ्यांदा लिहिलेला मजकूर साधारण असा होता. तुमच्या गटासाठी शब्द बदलून वापरा.

शीर्षक : काजवे बघा, मुक्काम आदिवासी शेतकरी महिलांच्या घरी

(गावाचं नाव, तालुका) : मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांचा मोसम सुरू होत असून, (गाव) येथील (गटाचं नाव) महिला बचत गटाने पर्यटकांच्या मुक्कामाची सोय सदस्यांच्या घरीच केली आहे. चार घरांत राहण्याची व्यवस्था असून जेवणात काळभात, नाचणीची भाकरी, पिठलं आणि मोसमातल्या रानभाज्या दिल्या जातात. संध्याकाळी गटातल्या महिला पाहुण्यांना काजव्यांची झाडं दाखवतात. एका रात्रीच्या मुक्कामाचा, दोन जेवणं आणि नाष्ट्यासह, माणशी दर (रुपये) आहे. जवळचं रेल्वे स्टेशन इगतपुरी, तिथून घोटीमार्गे रस्ता. नोंदणीसाठी संपर्क : (गटाचा नंबर), सकाळी १० ते संध्याकाळी ६.

त्याखाली गटातल्या एका ताईचं दोन-तीन वाक्यांचं म्हणणं, तिच्याच शब्दांत. आमच्याकडच्या ताईंनी सांगितलं होतं, "आमच्या पोरांना काजव्याचं काही वाटत नाही, रोजचंच आहे. शहरातली पोरं गप्प होऊन बघत बसतात तेव्हा आम्हालाही नवीन वाटतं." पेपरने सगळा मजकूर कापला, पण हे वाक्य जसंच्या तसं छापलं. म्हणून "आम्हाला अत्यंत आनंद होत आहे" असली भाषणातली वाक्यं देऊ नका. आपण ओट्यावर बसून बोलतो तसं द्या.

खोटं एक अक्षरही नको. रासायनिक खत घालत असाल तर 'सेंद्रिय' लिहू नका. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेली नसेल तर 'शासनमान्य' लिहू नका. जेवण विकतो म्हणजे अन्न सुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते, ती आधी करून घ्या. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचं प्रवेश शुल्क आणि वेळेचे नियम असतात, तेही मजकुरात सांगा. पाहुणा येऊन फसला असं त्याला वाटलं, तर तो दहा जणांना सांगतो.

फोटो

फोटो चांगला असेल तर छोटी बातमीही मोठी लागते. रांगेत उभं राहून काढलेला फोटो शक्यतो नको. काम करताना काढा : भाकरी थापताना, पाहुण्यांना वाढताना, झाडाकडे बोट दाखवताना. मोबाईल आडवा धरा, उजेड तोंडावर येऊ द्या, फिल्टर लावू नका. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर फोटो बारीक होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. खाली डावीकडून उजवीकडे नावं लिहा. ज्यांचा फोटो आहे त्यांना आधी विचारा. पाहुण्यांच्या लहान मुलांचा फोटो आईवडिलांनी हो म्हटल्याशिवाय पाठवायचा नाही.

कोणाकडे द्यायचं?

तालुक्याचा वार्ताहर. पेपर उघडा, आपल्या तालुक्याच्या बातमीवर कोणाचं नाव येतं ते बघा. पंचायत समितीत किंवा तहसील कचेरीत विचारलं तरी नंबर मिळतो. यातले बरेच जण दुकान किंवा शेती सांभाळून हे काम करतात. त्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मजकूर, फोटो, नावं सगळं एकदम पूर्ण द्या, आणि दुपारच्या आत द्या, कारण संध्याकाळी पानं लागायला सुरुवात होते. एकदा पाठवल्यावर दोन दिवसांनी एक फोन करा. रोज "लागली का, लागली का" विचारू नका. आले तर चहा-भाकरी करा, पाकीट देऊ नका.

पुरवण्या आणि शेतीचे पेपर. रविवारच्या आणि पर्यटनाच्या पुरवण्यांचं काम आधी चालतं, त्यांना निदान तीन आठवडे आधी पाठवा. 'ॲग्रोवन'सारख्या शेतीच्या दैनिकात महिला गटांच्या उद्योगांवर लेख येतात. त्यांना आकडे लागतात : भांडवल किती, खर्च किती, उरले किती. आपली वही चोख असेल तर हे आपल्याला सोपं आहे.

रेडिओ. आकाशवाणीवर महिलांचे आणि शेतकऱ्यांचे कार्यक्रम असतात. केंद्राच्या नावाने साधं पत्र लिहा, गटाची ओळख आणि बोलणाऱ्या दोन ताईंची नावं द्या. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये तर माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओच आहे, तिथे गावच्याच लोकांचे आवाज ऐकू येतात. रेडिओचा फायदा असा की लिहिता-वाचता न येणारी ताईसुद्धा उत्तम बोलते.

जिल्हा माहिती कार्यालय. गटाला उमेद, माविम किंवा दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ मिळाला असेल, तर या कार्यालयाला सांगा. ते यशकथा लिहून सगळ्या पेपरांना पाठवतात. एका पत्रात दहा दारं उघडतात.

कधी?

आपला मोसम हा पहिला मुहूर्त. काजव्यांसाठी मेच्या सुरुवातीला पाठवा, हुरड्यासाठी नोव्हेंबरअखेर. शिवाय काही दिवशी पेपरांना अशाच विषयाची बातमी हवी असते : ८ मार्च महिला दिन, १६ मे कृषी पर्यटन दिन, २७ सप्टेंबर पर्यटन दिन, १५ ऑक्टोबर ग्रामीण महिला दिन. दिवसाच्या आठवडाभर आधी मजकूर द्यायचा. आणखी एक लक्षात ठेवा, ६ जानेवारी. १८३२ मध्ये याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून तो मराठी पत्रकार दिन आहे. त्या दिवशी काही मागायचं नाही. वार्ताहर भाऊंना, ताईंना शुभेच्छांचा फोन करायचा, बस.

व्हिडिओ करणारी मुलं

हल्ली कॅमेरा घेऊन फिरणारी मुलं-मुली येतात. प्रवासाचे व्हिडिओ करतात, फिरण्यावर लिहितात. "आम्हाला फुकट ठेवा, आम्ही तुमचा व्हिडिओ करतो," असं म्हणतात. काहींचा खूप उपयोग होतो, काही नुसते जेवून जातात. म्हणून आधी हिशोब मांडा. समजा आपला दर माणशी ९०० रुपये आहे आणि तिघं जण शनिवारी फुकट राहिले. त्यांचा शिधा ९०० रुपयांचा गेला, आणि ती जागा पैसे देणाऱ्यांना देता आली नाही म्हणून २,७०० रुपयांचं गिऱ्हाईक गेलं. तेच सोमवार ते गुरुवारच्या रिकाम्या दिवशी बोलावलं तर फक्त शिधाच जातो.

होय म्हणण्याआधी त्यांचे जुने व्हिडिओ बघा. लोकांना रस्ता, दर, जेवण नीट सांगतात का? खाली कोणी खरे प्रश्न विचारतं का? मग व्हॉट्सॲपवर साधं लिहून घ्या : किती जण, किती रात्री, व्हिडिओ कधी टाकणार. आणि "आमचं चांगलंच बोला" अशी अट घालू नका. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे फुकट सोय घेऊन व्हिडिओ केला तर तसं बघणाऱ्यांना सांगायचं असतं. ते सांगू द्या. आपल्याला त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बातमी आली, आणि मग

आता त्या गटाकडे परत येऊ. बातमी मेच्या तिसऱ्या आठवड्यात आली. फोटोसकट. गावात पेपर हातोहात फिरला. सकाळी सातपासून फोन सुरू झाले.

पहिली चूक माझी होती. घाईत संपर्कासाठी एका ताईंचा स्वतःचा नंबर दिला होता. दिवसा चौकशीचे फोन, रात्री एक वाजता घाणेरडे फोन. घरात वाद झाला, मालक म्हणाले, "बंद करा हे सगळं." त्या ताईंनी तो मोसम सोडला. त्यांच्या खोलीसाठी घेतलेलं कर्ज मात्र सुरूच राहिलं. बातमी फुकट आली होती, पण किंमत त्या ताईंनी दिली, हे मी आजही विसरलेली नाही. म्हणून आता माझा नियम पक्का आहे : गटाचं वेगळं सिमकार्ड असल्याशिवाय मजकूर बाहेर जाणार नाही. तो फोन दोघी आळीपाळीने सांभाळतील, रात्री बंद राहील. त्रास देणारा नंबर लगेच ब्लॉक, पुन्हा त्रास झाला तर ११२.

नंबर छापून आला की भामटेही फोन करतात. त्या गटाला एकाने "मी लष्करात आहे, आमच्या पंधरा जणांच्या खोल्या बुक करा" म्हणून क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." लेखापाल ताई पुन्हा कामाला आल्या. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कोणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

दुसरी चूक : किती माणसं घ्यायची ते ठरलं नव्हतं. जागा बारा जणांची. तीन घरांत तीन वेगळ्या ताई फोनवर "या, या" म्हणत गेल्या. दारात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायची आपल्याला सवयच नाही. शनिवारी एकतीस माणसं आली. पाणी रात्री आठलाच संपलं. भात दोनदा टाकला तरी शेवटच्या पंगतीला पिठलं पातळ झालं. काही जण पडवीत झोपले आणि सकाळी पैसे कमी करून गेले.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. गाड्या थेट झाडांपर्यंत गेल्या, हेडलाईट चालू, मोबाईलच्या टॉर्च चालू. काजवा लुकलुकतो ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. उजेडात त्यांची खूण एकमेकांना दिसत नाही. अळ्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात वाढतात, त्यावरूनच गाड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "ज्याच्या जिवावर लोकं येणार, त्यालाच तुडवलं तर पुढच्या साली काय दाखवाल?"

सोमवारी तातडीची बैठक झाली. ठराव लिहिला. एका रात्री जास्तीत जास्त बारा पाहुणे. नोंदणी एकाच नंबरवर, एकाच वहीत. निम्मे पैसे आगाऊ. गाडी गावातच लावायची, झाडांपर्यंत चालत. टॉर्चला लाल कागद, आणि तोही जमिनीकडे. झाडाला हात लावायचा नाही, काजवा बाटलीत भरायचा नाही. नियम पाळायचे नसतील तर आगाऊ पैसे परत.

मग लेखापाल ताई म्हणाल्या, "हेच पेपरात देऊ या ना." मला वाटलं, नियमांची बातमी कोण छापेल? पण आम्ही लिहिलं : शनिवार-रविवारच्या जागा संपल्या आहेत, नोंदणीशिवाय येऊ नये, मधल्या वारी जागा आहे, आणि काजव्यांसाठी महिलांनी हे नियम केले आहेत. वार्ताहर भाऊंनी ते त्याच दिवशी पाठवलं. ती बातमी पहिलीपेक्षा मोठी लागली. ती वाचून आलेली माणसं वेगळी होती. मंगळवारी-बुधवारी आली, आधी फोन करून आली, अंधारात गप्प बसली, जाताना हातसडीचा तांदूळ आणि नाचणी विकत घेऊन गेली.

कर्ज एका मोसमात फिटलं नाही, खोटं सांगणार नाही. पण थकलेले हप्ते भरले गेले. पुढच्या मोसमात सोडून गेलेल्या ताई परत आल्या. त्यांची पहिली अट होती, "माझा नंबर कुठे छापायचा नाही."

बातमी जपून ठेवा

बातमीचं कात्रण कापून फाईलला लावा, बाजूला पेपरचं नाव आणि तारीख लिहा. मोबाईलमध्ये फोटोही ठेवा. बँकेत कर्जाचा प्रस्ताव देताना, ग्रामसभेत रस्ता किंवा पाणी मागताना ही फाईल उपयोगी पडते. पाहुण्यांच्या वहीत एक रकाना वाढवा : "आमच्याबद्दल कुठून कळलं?" त्या गटाच्या वहीत पहिल्या पंधरवड्यात "पेपर" जास्त दिसतं, नंतर "मागे आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं" वाढत जातं. म्हणजे बातमीने माणूस एकदा आणता येतो. त्याच्या ओळखीतले लोक आले, तर ते आपल्या जेवणामुळे आणि वागण्यामुळे.

बातमीत काही चुकीचं छापलं तर वार्ताहरांना शांतपणे फोन करून दुरुस्ती मागा. आणि बातमी चांगली आली तर आभाराचा फोन नक्की करा. बहुतेक जण तो करायचा विसरतात.

पुढच्या बैठकीत हे करा

१. गोल बसा. प्रत्येकीने एक वाक्य सांगायचं : "आपल्या गावात असं काय आहे, जे शहरातल्या माणसाने पाहिलेलं नाही?" सगळी वाक्यं फळ्यावर लिहा, त्यातलं एक निवडा.

२. एका वेळी किती पाहुणे घेऊ शकतो? पाणी, संडास, अंथरूण, वाढणारे हात मोजून आकडा काढा. तो इतिवृत्तात लिहा.

३. गटाचं सिमकार्ड कोणाच्या नावावर, फोन कोणत्या दोघी सांभाळणार, कधी बंद असणार ते ठरवा.

४. सहा 'क' घेऊन पाच ओळींचा मजकूर लिहा. गावातल्या नववी-दहावीच्या मुलीकडून वाचून घ्या. तिला एकदा वाचून कळला, तर तो तयार आहे.

५. तालुक्याच्या दोन वार्ताहरांचे नंबर शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दोन, तीन आणि चार पूर्ण झाल्याशिवाय पाचव्या नंबरला फोन लावू नका. मजकूर लिहून झाला की मला दाखवा, आपण मिळून बघू. मी आता कापायला शिकले आहे. अकरा नावांवरून दोनवर आले आहे!

तुमची,
क्षेत्र समन्वयक